अकिलीसची टाच होमरला माहीत नव्हती

बलाढ्य संघातला एकच कच्चा दुवा दाखवायचा असला की मराठी वृत्तपत्रांतही ‘अकिलीसची टाच’ येते. ग्रीक वीर अकिलीसची आई, थेटिस देवी, हिनं तान्ह्या लेकराला टाचेला धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं. पाणी लागलं तेवढं अंग अभेद्य झालं, मुठीतली टाच कोरडी राहिली. ही गोष्ट ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यातलीच असणार असं आपण धरून चालतो. ती तिथे नाही.

उलट 21व्या सर्गात ट्रॉयच्या बाजूचा योद्धा आस्टेरोपायस दोन्ही हातांनी एकदम दोन भाले फेकतो. एक ढालीवर आदळतो, दुसरा अकिलीसच्या उजव्या हाताला कोपराजवळ चाटून जातो आणि भळाभळा रक्त येतं. 18व्या सर्गात चिलखत नाही म्हणून त्याला रणात उतरता येत नाही. नवं घडवून घ्यायला खुद्द थेटिस देवांचा लोहार हेफायस्टस याच्याकडे जाते. अंग अभेद्य असतं तर ही धावपळ कशाला? ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचा बाण पायात लागतो खरा, पण 11व्या सर्गात आणि डायोमिडीस या दुसऱ्या ग्रीक वीराच्या पायात.

अकिलीसचा मृत्यू ‘इलियड’ संपल्यानंतरचा. त्याच्या पायाला बाण लागल्याची परंपरा जुनी असली, तरी देह अभेद्य करण्याची गोष्ट वेगवेगळ्या रूपांत फिरत होती. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातल्या अपोलोनियस या ग्रीक कवीकडे थेटिस बाळाला रात्री विस्तवात धरते आणि दिवसा अँब्रोसिया, म्हणजे देवांचं अमृत, चोळते. नवरा पाहतो, ओरडतो, ती सगळं टाकून निघून जाते. स्टिक्सची बुडी प्रथम भेटते ती रोमन कवी स्टेशियसच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘अकिलीड’ काव्यात, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस.

आपल्याकडे दुर्योधनाच्या मांडीचं असंच झालं. गांधारीनं पट्टी सोडून पाहिलं आणि लंगोटीखालची मांडी तेवढी कच्ची राहिली, ही लोकप्रिय कथा पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. तिथे वनपर्वात दानव दुर्योधनाला सांगतात की त्याचा वरचा देह वज्राचा आणि खालचा फुलांचा आहे.

टाचेमागच्या शिरेला अकिलीसचं नाव मिळालं ते 1693 साली, फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञ फिलिप व्हेरहेयन याच्या ग्रंथातून. (शीर म्हणायची आपली सवय, खरं तर तो स्नायुबंध, पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा.) गंमत अशी की कमजोरीचं नाव मिरवणारा हा बंध शरीरातला सर्वांत जाड आणि मजबूत. तो तुटतो तो बहुधा टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वर, जिथे रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. खेळाडूला वाटतं, मागून कुणीतरी लाथ मारली. डॉक्टर त्याला पालथं झोपवून पोटरी दाबतात. पाऊल हललं नाही तर बंध पूर्ण तुटल्याचा संशय पक्का होतो.

वाक्प्रचार वापरताना चूक होते ती इथेच. ‘सरकारच्या अनेक अकिलीस टाचा’ असं लिहिलं की अर्थच गेला. बाकी सगळं भक्कम आणि घातक जागा एकच, तरच ही टाच शोभते.

ताकदीच्या बाजूला दुसरा ग्रीक वीर, हर्क्युलस. त्याच्या ‘हर्क्युलियन’ कामाला अनुवादक ‘भगीरथ प्रयत्न’ लिहून मोकळे होतात. दोन्हीकडे नदी आहे, एवढं साम्य खरं. ऑजियस राजाचे वर्षानुवर्षं न झाडलेले गोठे हर्क्युलसनं अल्फियस आणि पेनियस या नद्यांचं पाणी वळवून एका दिवसात धुऊन काढले. गंगा आणायला मात्र अंशुमान आणि दिलीप खपले, तेव्हा कुठे भगीरथाला यश आलं. एकीकडे अचाट बळ आणि युक्ती, दुसरीकडे पिढ्यांची चिकाटी. म्हणून एका झटक्यात उरकलेल्या प्रचंड कामाला भगीरथाचं नाव देणं खटकतं. अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रीक पुराणकथांच्या संग्रहात तर कामं नेमून देणारा राजा युरिस्थियस हर्क्युलसचं हे काम ठरलेल्या दहांत धरायलाच नकार देतो. कारण साधं: त्यानं ऑजियसकडे गुरांचा दहावा हिस्सा मजुरी म्हणून मागितला होता.