टँकर आपला की परका?

लढाऊ विमानांना हवेतच इंधन देणारा टँकर स्वदेशी घ्यावा की परदेशी, या प्रश्नात अमेरिकी हवाई दल तब्बल दहा वर्षे अडकले होते. त्यांचे केसी-१३५ टँकर १९५७ पासून सेवेत आहेत. ते बदलण्यासाठी आधी बोइंगची शंभर विमाने भाड्याने घ्यायचे ठरले. पण सौदा करणारी वरिष्ठ अधिकारीच बोइंगमध्ये स्वतःच्या नोकरीची बोलणी करत होती हे उघड झाले. ती तुरुंगात गेली, सौदा बारगळला.

मग १७९ विमानांची स्पर्धा लागली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये युरोपचे एअरबस ए-३३० जिंकले. कारण समजण्यासारखे होते. त्यात १११ टन इंधन मावते, तेही मूळच्याच टाक्यांमध्ये. बोइंग ७६७ मध्ये मालकक्षात जादा टाक्या बसवूनही आकडा शंभर टनांच्या आतच राहतो. पण एअरबसच्या पंखांचा पसारा ६० मीटर, बोइंगचा ४८. गर्दीच्या तळावर मोठी विमाने कमी उभी राहतात, आणि एका वेळी किती लढाऊ विमानांना इंधन मिळणार हे टनांवर नव्हे, हवेत किती टँकर आहेत यावर ठरते. म्हणजे मोठी टाकी हा निर्विवाद फायदा नव्हेच.

बोइंगने तक्रार केली आणि सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेने ती उचलून धरली. ठरवलेल्या लक्ष्याहून जास्त क्षमता दिल्यास जादा श्रेय नाही, असे निविदेतच होते. हवाई दलाने नेमके तेच श्रेय एअरबसला दिले होते. फेरस्पर्धेत ३७२ सक्तीच्या अटी ठेवल्या गेल्या आणि २०११ मध्ये बोइंग जिंकले. ‘आपले’ विमान आले म्हणून टाळ्याही पडल्या.

आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. अमेरिकी हवाई दल इंधन देते ते ‘बूम’ने, म्हणजे टँकरच्या शेपटीखालच्या, आत-बाहेर सरकणाऱ्या ताठ नळीने. तिच्यातून मिनिटाला साडेचार हजार लिटरपर्यंत इंधन वाहू शकते. जुन्या केसी-१३५ मध्ये ऑपरेटर पालथा पडून खिडकीतून बूम चालवतो. बोइंग ७६७ पासून बनलेल्या नव्या केसी-४६ टँकरमध्ये तो कॉकपिटमागे बसून कॅमेऱ्यांच्या त्रिमितीय चित्रावर विसंबतो. ऊन-सावलीच्या विशिष्ट कोनात त्या चित्रात खोलीचा अंदाज चुकू लागला. बूमचे टोक खालच्या विमानाला ओरखडे काढू शकते, हे लक्षात घेतले तर ही किरकोळ तक्रार नाही.

दुसरी अडचण मला जास्त रंजक वाटते. नळी आत सरकायला इंधन घेणाऱ्या विमानाने तिला पुढे रेटावे लागते. केसी-४६ ची नळी इतकी कडक निघाली, की ए-१० सारख्या कमी जोराच्या विमानाला ती रेटणे जड जाई. बोइंगने मात्र मान्य झालेला निकष पाळला होता, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च हवाई दलाच्याच माथी आला. विमान स्वदेशी, निविदा स्वदेशी, आणि खोट होती ती निकषात! बाकीचा भार बोइंगवर पडला. ठरावीक किमतीच्या करारामुळे कंपनीने सात अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसला. पहिले विमान हवाई दलाच्या हाती पडायला जानेवारी २०१९ उजाडले.

तसे पाहिले तर ‘परके’ विमानही अलाबामातील मोबील शहरात, अमेरिकी इंजिनांसह जोडले जाणार होते. आणि ‘आपल्या’ ७६७ च्या सांगाड्याचे भाग जपानमधून येतात.

भारताची गोष्ट वेगळी. आपली सुखोई, राफेल, तेजस ही विमाने बूम वापरत नाहीत. टँकरमागे लोंबणाऱ्या लवचीक नळीच्या तोंडात ती आपली सोंड खुपसतात. आग्र्याची सहा इल्युशिन-७८ हे काम करतात. नव्या टँकरसाठी एअरबसची निवड दोनदा झाली आणि दोनदा रद्द झाली. २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने (एचएएल) इस्राएलच्या आयएआय या विमान कंपनीशी करार केला, तो जुन्या प्रवासी विमानांचे टँकर करण्यासाठी. आयएआयने याआधी ज्या विमानांचे असे रूपांतर केले आहे, त्यांत बोइंग ७६७ ही आहेच.