कोरलला प्लँक्टन भरवताना

तुमच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या कोरलसाठी (प्रवाळासाठी) तुम्ही आमच्याकडून हिरवी बाटली (पाण्यातलं जिवंत सूक्ष्म शेवाळ), पॉड्सची (कोपेपॉड या बारीक कवचधारी जिवांची) बाटली किंवा आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जिवाची) अंडी घेतली आहेत. झाकण उघडण्याआधी एवढं वाचून घ्या. फोनवर आम्ही रोज हेच सांगतो, पण फोनवर घाई होते आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट राहून जाते.

सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगतो. हिरवी बाटली तुमचे कडक (दगडी सांगाड्याचे) कोरल बहुधा खाणारच नाहीत. त्यातल्या नॅनोक्लोरोप्सिस या शेवाळाची एक पेशी २ ते ४ मायक्रॉनची असते आणि कडक कोरल हा मांसाहारी प्राणी आहे. १९२८-२९ साली ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ मॉरिस याँग यांची मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लो आयल्स बेटांवर, मुक्काम ठोकून होती. तिथे त्यांनी कोरलना वेगवेगळं अन्न देऊन पाहिलं. प्राणिजन्य अन्न कोरल पचवत, वनस्पतिजन्य अन्न मात्र त्यांच्या पचनी पडत नसे.

मग हिरवी बाटली विकता कशाला, असं गिऱ्हाईक विचारतं आणि ते बरोबरच आहे. ती पॉड्ससाठी आहे. शिंपले, स्पंज, फेदर डस्टर (पिसांसारखा तुरा असलेला किडा) यांनाही ती चालते. पॉड्स हिरवं खातात, खडकांच्या फटींत वाढतात, पिल्लं घालतात, आणि ती पिल्लं पाण्यात तरंगू लागली की कोरलच्या तोंडी पडतात. शेणखत आपण जमिनीत घालतो, ज्वारीच्या कणसाला चोळत नाही, तसंच हे. म्हणून ड्रॉपरने कोरलच्या तोंडावर हिरवं पाणी सोडू नका. १०० लिटरला ५ मिली, आठवड्यातून तीनदा, लाईट बंद झाल्यावर, वाहत्या पाण्यात सोडा. पॉड्स कधी सोडलेच नसतील, तर आधी ते सोडा.

(डेंड्रोनेफ्थियासारखे काही मऊ कोरल खरोखर फायटोवर, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म शेवाळावर, जगतात. पण त्यांना दिवसभर अखंड खाणं लागतं आणि घरच्या टँकमध्ये ते सहसा झिजत जातात. कोणी रंगाची भुरळ घालून देऊ केला तरी घेऊ नका, ही आमची कळकळीची विनंती.)

लाईट एवढा चांगला आहे, मग खाणं कशाला?

कोरलच्या अंगात झूक्सँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं. उजेडात ते साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. रोजच्या ऊर्जेची गरज त्यावर बरीचशी भागते. पण नुसत्या साखरेवर अंग भरत नाही. नवीन पेशी, नवीन पॉलिप (कोरलचा तोंड आणि हात असलेला एकेक जीव) यांसाठी नायट्रोजन, फॉस्फरस आणि चांगली चरबी लागते, आणि ती शिकारीतून येते. सन कोरलच्या अंगात तर हे शेवाळ नसतंच. त्याला भरवलं नाही तर तो महिन्यामहिन्याने बारीक होत जातो, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत फक्त सांगाडा उरतो.

रात्री काय घडतं ते एकदा बघाच

खऱ्या रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळ खडकांवर, दिवसा खडकांत दडलेले बारीक जीव अंधार पडला की वर येतात. त्यामुळे बरेचसे कोरल रात्रीच तोंड उघडतात. टँकचे लाईट बंद झाल्यावर तासाभराने, टॉर्चला लाल कागद लावून टँकसमोर बसा. पांढऱ्या उजेडाने ते मिटतात, लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. दिवसा बटणासारखा बंद दिसणारा पॉलिप फुगलेला असेल आणि त्याच्या कडेने काचेसारखे पारदर्शक हात बाहेर आलेले असतील. सिरिंजने दोन थेंब आर्टेमिया लांबून, प्रवाहाच्या वरच्या बाजूने सोडा. नारिंगी ठिपका हाताला टेकला की तिथेच खिळतो, कारण त्या हातावर डंखाच्या पेशी असतात. मग तो हात हळूहळू आत वळतो, मधली चीर उघडते आणि ठिपका आत जातो. याला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं कोरलला द्या. वर आणखी चार सिरिंजा ओतल्या की तो अर्धवट धरलेलंही सोडून देतो.

भरवण्याआधी स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), यूव्ही दिवा आणि रिटर्न पंप (पाणी टँकमध्ये परत आणणारा) बंद करा, नाहीतर अर्धं अन्न सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत, जाऊन स्किमरच्या कपात जमा होईल. वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारा पंप) अगदी मंद ठेवा. पाणी पूर्ण थांबलं तर खाणं तळाला बसतं. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं परत चालू करायचं, आणि त्यासाठी मोबाईलला गजर लावायचाच. आमच्या स्वतःच्या टँकमध्ये एकदा मे महिन्यात रिटर्न पंप रात्रभर बंद राहिला. सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते, आणि त्यातले दोन आम्ही वाचवू शकलो नाही. गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी असतो, त्यात खाणंही पडलेलं असतं. म्हणून आता गजर वाजल्याशिवाय आमच्याकडे कोणी टँकसमोरून उठत नाही.

कोळंबी आणि मासे पॉलिपच्या तोंडातला घास ओढून नेत असतील, तर पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून कोरलवर घुमटासारखा ठेवा आणि वरच्या तोंडातून भरवा. कोरलने घास गिळला की काढून घ्या.

आर्टेमिया घरी फोडताना

एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ (आयोडीनचं नको, टँकचं सॉल्टच घ्या), खालून जोरात हवा, वरून उजेड. २८ अंशांना चोवीस तासांत अंडी फुटतात. पुण्यात डिसेंबरमध्ये छत्तीस तासही लागतात, बाटली गरम जागी ठेवा. अंडी चिमूटभरच घ्या. एका ग्रॅममध्ये दोन लाखांहून जास्त अंडी असतात आणि घरच्या टँकला एवढी कधीच लागत नाहीत. हवा बंद केली की टरफलं वर येतात. तळाशी एका बाजूला टॉर्च धरा, पिल्लं उजेडाकडे जमतात. ती नळीने ओढा, १२० मायक्रॉनच्या जाळीत धुवा आणि मग भरवा. टरफलं टँकमध्ये जाऊ देऊ नका आणि फोडलेलं पाणीही ओतू नका.

पिल्लू साधारण अर्धा मिलिमीटरचं असतं आणि अंड्यातून आणलेल्या शिदोरीवर जगतं. ती शिदोरी तासातासाने संपते, त्यामुळे फुटल्यावर पहिल्या सहा-आठ तासांत भरवणं उत्तम. उशीर होणारच असेल, तर कात टाकून तोंड उघडलेल्या पिल्लांना बारा तास हिरव्या पाण्यात चरू द्या. म्हणूनच आमच्या हिरव्या बाटलीत आयसोक्रायसिस हे दुसरं सूक्ष्म शेवाळही असतं. ईपीए आणि डीएचए हे चांगल्या चरबीचे दोन प्रकार. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये ईपीए भरपूर, पण डीएचए जवळजवळ नाही, आणि ती कमतरता आयसोक्रायसिस भरून काढतं.

बारीक पॉलिपच्या कोरलला आर्टेमियाही मोठं पडतं. त्यांना रोटिफर (आर्टेमियाहून बारीक तरंगता जीव) किंवा पॉड्सची पिल्लं द्या.

सुका जवळा कुटून घातला तर?

कोकणातल्या गिऱ्हाईकांचा हा प्रश्न हमखास येतो. सुका जवळा नको. त्यात मीठ, वाळू आणि धूळ असते, आणि भुगा पाण्यात विरघळून फॉस्फेट वाढवतो. ताजा, बर्फाशिवाय काही न लावलेला जवळा मिळाला तर आरओच्या पाण्यात धुऊन, बारीक चिरून, मोठ्या तोंडाच्या कोरलला आठवड्यातून एकदा दिला तर चालतो. तुकडा पॉलिपच्या तोंडाहून लहानच हवा. मोठा दिला तर सकाळी तो तपकिरी शेंबडासारखा बाहेर टाकलेला दिसतो.

किती हे कसं ओळखायचं?

टेस्ट किटने. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम यांच्या आत असेल तर तुमचं प्रमाण जमलं आहे. वर गेलं, काचेवर दोन दिवसांत शेवाळ धरू लागलं, वाळूवर लालसर थर आला, तर आधी खाणं निम्मं करा. औषध शोधत बसू नका. दोन्ही शून्यावर आलं म्हणून खूशही होऊ नका, तेव्हा डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जिवांचा चिकट तपकिरी थर येण्याची भीती असते. तीन महिन्यांच्या आतल्या टँकला आम्ही फक्त पॉड्स आणि थोडं हिरवं देतो, त्याहून जास्त मागितलं तरी विकत नाही.

बाटलीबद्दल

फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. रोज एकदा हलवा, कारण पेशी तळाला बसून गुदमरतात. पॉड्सची बाटली मात्र फ्रिजमध्ये कधीच नको. ती आल्या दिवशीच, टँकच्या तापमानाला आणून, सोडा. हिरव्याला ताज्या गवतासारखा किंवा समुद्रासारखा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला किंवा रंग पिवळट पडला, तर टँकमध्ये एक थेंबही घालू नका. बाटली तशीच परत आणा, बदलून देतो.

आणखी एक. आम्ही कोरल विकत नाही. कडक कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकांवरचं किंवा विजयदुर्गसमोरच्या समुद्रातल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरचं कोरल कोणी "ताजं काढलेलं" म्हणून देऊ केलं, तर घेऊ नका आणि वनखात्याला कळवा. ज्या कोरलची कागदपत्रं नाहीत, त्याच्यासाठी खाणं आमच्याकडे मागू नका.