सायकेडेलिक उपचार: औषधाभोवती बसलेल्या माणसांची गोष्ट

हल्ली पुण्यात कोरेगाव पार्क, बाणेर, औंध या बाजूला सायकेडेलिक, म्हणजे काही तासांसाठी माणसाची जाणीवच बदलून टाकणाऱ्या औषधांबद्दल, प्लांट मेडिसिन (वनस्पतींतली अशी औषधं), मायक्रोडोसिंग (अगदी थोडं थोडं घेणं), रिट्रीट (त्यासाठीची शिबिरं) असं सर्रास कानावर पडतं, कुणाचा आयटीतला मित्र त्यासाठी पेरू देशात जाऊन आलेला असतो, कुणी डिप्रेशनच्या गोळ्यांना कंटाळून रात्ररात्र असल्या मशरूमबद्दल वाचत बसलेलं असतं. आणि विचारतात काय, तर कुठलं घ्यायचं आणि किती. मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो, कारण मागचा इतिहास बघितला तर किती घेतलं यापेक्षा कोण शेजारी बसलं, कशावर श्रद्धा ठेवून बसलं आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारपूस केली, यालाच लोकांनी जास्त जपलेलं दिसतं. (एलएसडी, मशरूममधलं सायलोसायबिन, एमडीएमए हे सगळं आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून कुणी शोधाशोध करू नका.)

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं नेटिव्ह अमेरिकन चर्च १९१८ मध्ये ओक्लाहोमात रीतसर नोंदवलं गेलं, पण ते विधीत खातात त्या पेयोटी या बिनकाट्याच्या छोट्या सायकेडेलिक निवडुंगाचा वापर त्याच्या कितीतरी आधीचा. त्यांची मीटिंग रात्री सुरू होते ती सकाळपर्यंत. उंच तंबू, मधे विस्तव, त्यामागे मातीचा चंद्रकोरीसारखा ओटा. सगळे गोल बसतात, काठी आणि खुळखुळा हातोहात फिरतो, ज्याच्याकडे येईल त्याने चार गाणी म्हणायची आणि शेजारच्याने पाणी भरलेला ढोल वाजवायचा. बऱ्याचदा मीटिंग कुणासाठी तरी ठेवलेली असते, कुणी आजारी असतं, कुणाची दारू सुटत नसते. पहाटे एक बाई पाणी आणते, प्रार्थना करते, मग मका, मांस, फळं असा नाश्ता सगळे एकत्र करतात. यात पेशंट वेगळा आणि बाकीचे वेगळे असं नसतंच, सगळेच रात्रभर त्याच्यासाठी जागलेले असतात.

१९५६ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवानमध्ये डॉ. हम्फ्री ऑस्मंड हे सायकिॲट्रिस्ट अशाच एका मीटिंगला जाऊन बसले. सायकेडेलिक हा शब्द त्यांचाच, आणि त्या काळात ते दारूच्या पेशंटना एलएसडी देऊन बघत होते. त्याच वर्षी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना, तिचा एक संस्थापक बिल विल्सन याने लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडी घेतलं. ज्यांना देवाबिवाचं काही जाणवतच नाही अशा दारुड्यांना याने दार उघडेल असं त्याला वाटलं, पण एएमधल्या लोकांना ते अजिबात रुचलं नाही. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की ज्याने १९३५ पासून माणसाला माणसाचा आधार देऊन दारू सोडवली तोच या औषधाकडे श्रद्धेचा रस्ता म्हणून बघत होता.

मेक्सिकोतल्या वाउत्ला गावच्या मारिया सबिनाची गोष्ट मात्र वाचवत नाही. माझातेक जमातीची ही बाई आजारी माणसासाठी रात्री अंधारात मशरूमचा विधी करायची, स्वतःही मशरूम खायची, घरातली माणसं भोवती असायची, आणि ती तासन् तास तिच्या भाषेत म्हणत राहायची. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन नावाचा न्यूयॉर्कचा बँकर मुलाची काळजी वाटते असं सांगून त्या विधीत बसला आणि १९५७ मध्ये त्याने लाइफ साप्ताहिकात सगळं छापलं. बाईचं नाव बदललं होतं, तरी लोक शोधत आलेच, झुंडीने आले, पोलीस आले, गावकरी तिच्यावर उलटले, तिचं घर जाळलं गेलं. परदेशी आल्यापासून मशरूमची ताकद गेली असं ती शेवटी म्हणायची. लोकांनी मशरूम नेलं, ते गाव आणि ती श्रद्धा तिथेच टाकून दिली.

मग लॅबमधले संशोधक फिरून त्याच श्रद्धेपाशी आणि सोबतीपाशी आले. १९६२ च्या गुड फ्रायडेला बोस्टनमध्ये वॉल्टर पाह्नकेने धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांना चर्चमध्येच बसवलं, निम्म्यांना सायलोसायबिन दिलं. १९७० नंतर बंदीमुळे बहुतेक संशोधन ठप्प. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रोलंड ग्रिफिथ्सनी ३६ जणांवरचा सायलोसायबिनचा अभ्यास छापला, त्यात साधारण दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वात अर्थपूर्ण पाचांत धरला. पण त्यांना आधी कित्येक तास भेटून, ओळख करून घेतली होती, आणि त्या दिवशी ओळखीचं माणूस शेजारी होतं.

नुसता ग्रुप असला की भागलं, असंही नाही हं. कॅलिफोर्नियातल्या एसालेन या आत्मशोधाच्या केंद्राचा सहसंस्थापक रिचर्ड प्राइस सत्तरच्या दशकात आपल्या पुण्यातल्या रजनीश आश्रमात आला आणि तिथल्या एन्काउंटर ग्रुपमधली (मनातलं सगळं एकमेकांवर मोकळं करायच्या थेरपी गटातली) मारहाण बघून नाराज होऊन परत गेला. आणि हल्लीच्या एमडीएमए ट्रायल्समध्येसुद्धा थेरपिस्टने पेशंटशी गैरवर्तन केल्याचं उघड झालं, ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने त्या उपचाराला मंजुरी नाकारली. ऑस्ट्रेलियात मात्र जुलै २०२३ पासून ठरावीक सायकिॲट्रिस्टना एमडीएमए आणि सायलोसायबिन द्यायची परवानगी आहे.

पुण्याला हे आधाराचं अंग कुणी बाहेरून शिकवायला नको खरंतर. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीतून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथे गोळ्यांबरोबर ग्रुप, फॉलोअप, पेशंटच्या बायकांसाठी सहचरी हा वेगळा गट, हे सगळं आलं. आणि वारी! माळ घातली की दारू बंद, ती एकट्याच्या जिद्दीवर नाही, अख्खी दिंडी बरोबर असते म्हणून, आणि माऊलींची पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा पेठांमधली घरं अनोळखी माणसांना जेवू घालतात. यात कुठलंच सायकेडेलिक नाही, तरी बऱ्या होणाऱ्या माणसाला लागणारं बरंच काही आहे.

सध्या आपल्याकडे यातल्या यात कायदेशीर म्हणाल तर केटामाइन, भुलीचं औषध, काही सायकिॲट्रिस्ट ते हट्टी डिप्रेशनसाठी देतात. कुणी त्या वाटेने जाणार असेल तर डोस आणि पैशांबरोबर हेही विचारा, आधी किती वेळा भेटणार, खोलीत कोण बसणार, घरच्यांना कधी बोलावणार, आणि नंतर महिनाभर फोन कोण उचलणार.