इंदुरात सार्वजनिक ईव्ही चार्जिंग स्टेशन: पात्रता, कागदपत्रे आणि वीजजोडणीचा अर्ज

सार्वजनिक चार्जिंग स्टेशन उघडायला परवाना लागत नाही. गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही तेच कायम आहे. काम अडते ते वीजजोडणीपाशी, आणि तिथेही बहुतेक वेळा जागेच्या कागदांवरून. विक्रेते आधी चार्जरची ऑर्डर घ्यायला उत्सुक असतात. तुम्ही मात्र आधी जागेचे कागद, मग लोड (किती किलोवॉटची जोडणी मागायची ते), मग अर्ज आणि शेवटी चार्जर, हाच क्रम धरा.

कोण अर्ज करू शकते

व्यक्ती, भागीदारी फर्म, कंपनी, सहकारी संस्था, ट्रस्ट, कोणीही. अट एवढीच की सुरक्षा आणि तांत्रिक मानके पाळायची आणि स्टेशन सर्वांना खुले ठेवायचे. फक्त स्वतःच्या ताफ्यासाठी किंवा सोसायटीच्या सभासदांसाठी असलेले चार्जर सार्वजनिक धरले जात नाहीत. त्यांना स्वतंत्र ईव्ही जोडणी मिळते, केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली तशी तरतूदच झाली; पण सार्वजनिक स्टेशनचे अनुदान त्यांना लागू नाही.

जागा तुमची आणि चालवणारी कंपनी दुसरी, असे असेल तर जोडणी कोणाच्या नावावर घ्यायची हे करारातच लिहा. कंपनीच्या नावावर घेतली आणि ती अर्ध्यात निघून गेली, तर थकबाकी त्या जागेवर दिसते आणि नवी जोडणी थांबते.

जागेचे कागद: इथेच निम्मे अर्ज परत येतात

मालकीसाठी रजिस्ट्री किंवा पट्टा, नामांतरणाचा आदेश आणि मालमत्ता कराची चालू पावती द्यावी लागते. बायपासकडची जमीन खसऱ्यात (जमिनीच्या महसुली नोंदीत) अजून कृषी असेल तर डायव्हर्जनचे, म्हणजे बिगरशेती वापराचे, कागद आधी करून घ्या. भाड्याची जागा असेल तर करार आणि मालकाचे संमतिपत्र हवे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो. नोटरी केलेल्या कागदावर दहा वर्षांचा करार दाखवून भागत नाही.

रामबाग, नारायण बाग, राजवाड्याच्या आसपासचे जुने वाडे हा वेगळाच प्रकार. रजिस्ट्री आजोबांच्या नावावर, कर काकांच्या नावावर आणि वारस पुण्यापासून परदेशापर्यंत पसरलेले. अशा वेळी सर्व सहमालकांची सही असलेले संमतिपत्र लागते. एकाची जरी सही राहिली तरी नंतर आलेल्या हरकतीवर जोडणी रोखली जाऊ शकते. आधी नामांतरण करून घेणे वेळखाऊ वाटते, पण त्याने पुढचे सगळे सरळ होते.

मंगल कार्यालये आणि सामाजिक संस्थांची मोकळी पार्किंगे चार्जिंगला उत्तम. मात्र संस्था मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम १९५१ खाली नोंदलेली असेल तर बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त काळ भाड्याने देताना न्यास निबंधकांची आधी मंजुरी लागते. चार्जिंग कंपन्या साधारण पाच ते दहा वर्षांचा करार मागतात, म्हणजे मंजुरी आलीच. विश्वस्त मंडळाचा ठराव पुरेल असे समजून करार केला तर तो टिकत नाही.

नावांची तफावत हे मराठी कुटुंबांचे नेहमीचे दुखणे. इथले दस्तऐवज हिंदीत होतात आणि त्यात काळे यांचे ‘काले’ होते. आधारवर स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही नावे, तर रजिस्ट्रीत दोनच. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र अर्जासोबतच जोडून टाका. आक्षेप आल्यावर दिले की फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते.

याशिवाय आधार, पॅन, फोटो, कंपनी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि अधिकृत सही करणाऱ्याच्या नावाचा ठराव, जीएसटी क्रमांक, जागेचा नकाशा (मीटर आणि चार्जरची जागा मापांसह दाखवून), लोडचा तपशील आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. टेस्ट रिपोर्ट अंतर्गत वायरिंग पूर्ण झाल्यावरच मिळतो, म्हणून तो पहिल्या दिवशी लागत नाही.

लोड किती मागायचा

चार्जरवर लिहिलेला आकडा गाडीला मिळणाऱ्या शक्तीचा असतो, तारेतून ओढली जाणारी शक्ती त्याहून जास्त असते. ९५ टक्के कार्यक्षमतेचा ६० किलोवॉटचा डीसी (जलद) चार्जर सुमारे ६३ किलोवॉट ओढतो. असे दोन, सोबत ७.४ किलोवॉटचे दोन एसी (संथ) चार्जर, दिवे आणि कॅमेरे धरले तर बेरीज १४३ किलोवॉटच्या आसपास जाते. हा सगळा लोड डोळे झाकून मागू नका. दोन गाड्या एकाच वेळी पूर्ण शक्तीने चार्ज होण्याची वेळ क्वचित येते. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी स्वतःच शक्ती कमी मागते. चार्जरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही डीसी चार्जरची एकत्रित मर्यादा ८० किलोवॉट ठेवली तर एकूण मागणी १०० किलोवॉटपाशी येते.

हा हिशेब महत्त्वाचा, कारण एका मर्यादेपुढे लघुदाब जोडणी मिळत नाही आणि ११ किलोव्होल्टची उच्चदाब जोडणी घ्यावी लागते. ती मर्यादा चालू टॅरिफ ऑर्डरमध्ये छापलेली असते. उच्चदाब म्हणजे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, त्यासाठी वेगळी जागा आणि लाइन चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकाची मंजुरी. छोट्या स्टेशनला हा खर्च झेपत नाही.

अर्ज आणि त्यानंतरचा प्रवास

इंदूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत वीज पुरवते ती पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी. तिचे मुख्यालय पोलोग्राउंडला आहे. नव्या जोडणीचा अर्ज ऑनलाइन किंवा आपल्या झोन कार्यालयात करता येतो. कंपनीचे ऊर्जस अ‍ॅपही आहे. अर्जात उद्देश ‘ई-वाहन चार्जिंग’ असाच निवडा. चुकून बिगरघरगुती निवडले तर जोडणी मिळते, पण दर व्यावसायिक लागतो आणि नंतर श्रेणी बदलण्यासाठी वेगळा अर्ज करत बसावे लागते. मध्य प्रदेशाच्या टॅरिफमध्ये लघुदाब चार्जिंगसाठी एलव्ही-६ ही श्रेणी आहे. पहिल्या बिलावर तीच छापली आहे ना, हे बघून घ्या.

अर्ज करण्याआधीच एकदा झोनच्या सहायक यंत्रींना (अभियंत्यांना) भेटून जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर किती जागा शिल्लक आहे ते विचारा. २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर उन्हाळ्याच्या संध्याकाळी आधीच भरलेला असेल तर तुमच्या १०० किलोवॉटसाठी नवा बसवावा लागेल आणि त्याचा खर्च प्राक्कलनात (कंपनीने काढलेल्या खर्चाच्या अंदाजात) तुमच्याच माथी येईल. शंभर मीटरवरची दुसरी जागा कधी कधी काही लाखांनी स्वस्त पडते. हे जागेचा करार करण्याआधी कळलेले बरे.

अर्ज आला की कर्मचारी जागा पाहतात, मग प्राक्कलन निघते. शुल्क आणि सुरक्षा निधी भरला, अनुबंधावर (वीजपुरवठ्याच्या करारावर) सही झाली, काम झाले, टेस्ट रिपोर्ट दिला की मीटर लागतो. लाइन वाढवायची गरज नसेल तर ग्राहक हक्क नियमांप्रमाणे महानगरात ३, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यायची असते. हे दिवस अर्ज सर्व बाबतींत पूर्ण झाल्यापासून मोजतात. म्हणून अर्ज पूर्ण असल्याची पोच तारखेसह घ्या, तोंडी ‘हो जाएगा’वर थांबू नका.

दर आणि जागेचे भाडे

२०२४ च्या सूचनांनुसार चार्जिंगचा मूळ वीजदर एकभागी (वेगळा स्थिर आकार न लावता फक्त युनिटमागे) असावा आणि ३१ मार्च २०२८ पर्यंत वीज पुरवण्याच्या युनिटमागील सरासरी खर्चाहून जास्त नसावा. वेळेनुसार मात्र सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत त्या खर्चाच्या ०.७ पट, बाकी वेळी १.३ पट असे सूत्र त्यात आहे. प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोगाच्या त्या वर्षीच्या आदेशातून घ्यायचा. फरक मोठा असल्याने दुपारी स्वस्त आणि संध्याकाळी महाग असे तुमचे दरपत्रकही ठेवा, नाहीतर संध्याकाळची प्रत्येक गाडी तोट्यात जाते.

नगर निगम किंवा इतर सरकारी जागा हवी असेल तर ती अर्जाने नाही, निविदेने मिळते. खासगी बोलीदारासाठी चार्जिंगला वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे १ रुपया ही किमान बोली धरलेली आहे.

काळ्या मातीत अर्थिंग

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते. ऑगस्टमध्ये अर्थिंगचे माप सुरेख येते. मेमध्ये तोच खड्डा कोरडा पडून रोध कितीतरी पटीने वाढतो आणि गाड्या चार्ज व्हायला नकार देऊ लागतात. चार्जर अर्थ फॉल्ट दाखवतो, ग्राहक यंत्राला शिव्या देतो, तंत्रज्ञ येऊन बोर्ड बदलून जातो आणि दोष जमिनीतच राहतो. निदान दोन स्वतंत्र अर्थ पिट करा, खोल न्या, माती बदलून भरा, पाणी घालायची नळी ठेवा आणि उन्हाळ्यात माप घ्या. चार्जरचा पायाही मुरूम लागेपर्यंत खोल घ्या. वरच्या वर ओतलेला काँक्रीटचा चौथरा पहिल्या पावसाळ्यानंतर कलतो आणि खालची केबल ताणली जाते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतले काही आकडे नकाशा काढतानाच हाताशी असावेत. चार्जिंगचे सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच, उभ्या गाडीचे चार्जिंगचे तोंड चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत, प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरचे गळती संरक्षण, एक्स्टेन्शन कॉर्डला पूर्ण मनाई. काही गाड्यांचे तोंड पुढच्या ग्रिलमध्ये असते, काहींचे मागच्या बाजूला. त्यामुळे चार्जर दोन पार्किंगच्या मधोमध ठेवला तरच दोन्ही प्रकार जमतात.

६० किलोवॉटचा चार्जर ४१५ व्होल्टवर सुमारे ९० अँपिअर घेतो. संध्याकाळी व्होल्टेज ३८० वर उतरले की तोच आकडा ९७ पर्यंत जातो. १०० अँपिअरचा ब्रेकर तापून नेमका गर्दीच्या वेळी पडतो, १२५ चा लावा. आजच्या भारतीय मोटारींसाठी डीसीला सीसीएस-२ आणि एसीला टाइप-२ हे जोड (कनेक्टर) पुरे; चॅडेमो या जपानी पद्धतीच्या गनवर पैसे घालू नका.

सुरू करताना

चार्जरवर ५ टक्के जीएसटी असतो, चार्जिंग सेवेवर १८ टक्के. दरफलकावर करासहित दर लिहा, भांडणे वाचतात. स्टेशनची माहिती ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ईव्ही यात्रा पोर्टलवर नोंदवायची असते. ऑनलाइन पैसे भरण्याची आणि दूरून बुकिंगची सोय हवी.

अनुदानाबद्दल गैरसमज फार आहेत. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये आहेत, पण खासगी व्यक्तीने थेट अर्ज करून ते मिळत नाहीत. प्रस्ताव सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम किंवा राज्याच्या नोडल (या कामासाठी नेमलेल्या) संस्थेमार्फतच जातो. मॉल, बाजार, रस्त्याकडेच्या जागांसाठी फक्त वीजपुरवठ्याच्या वरच्या बाजूच्या कामाला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लाइन, केबल यांना ८० टक्क्यांपर्यंत मदत आहे. चार्जरचा खर्च अशा जागी तुमचाच. रक्कम ७० आणि ३० टक्के अशा दोन हप्त्यांत येते, म्हणून बँकेला दाखवायच्या हिशेबात ती पहिल्या महिन्याची जमा म्हणून धरू नका.