बीप वाजली, पण अर्थिंग कुठंय?

श्रावण संपत आला की आमच्या पेठेतल्या मंडळाच्या सामानाची खोली उघडते. वर्षभर पत्र्याच्या पेटीत पडलेले फोकस, उभे पंखे, वायरच्या रिळा, कार्यकर्त्यांच्या चहासाठी पाणी तापवायची स्टीलची टाकी, सगळं बाहेर येतं. जूनपासूनची ओल खाल्लेलं हे सामान आता ओल्या मांडवात, लोखंडी पाइपांना टेकून, अनवाणी माणसांच्या गर्दीत चालणार असतं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा मल्टिमीटर घेऊन एकेक फोकस तपासत होता. एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं फोकसच्या पत्र्याला. बीप वाजली की फोकस पास. त्यातला एक मी माझ्या मीटरवर घेतला, तर करंटला होणारा अडथळा, म्हणजे रोध, निघाला १८ ओहम. अर्थिंगची हिरवी वायर जागच्या जागी होती, पण तिच्या स्क्रूखाली गंज चढला होता.

मल्टिमीटरची बीप बऱ्याचदा ३०-४० ओहमपर्यंत वाजत राहते. वायर अखंड आहे एवढंच ती सांगते. आता त्या फोकसमध्ये फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली असती, तर २३० भागिले १८, म्हणजे जेमतेम १३ अँपिअर करंट अर्थिंगमधून गेला असता. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला पडणारा स्विच, तेवढ्याने पडत नाही, त्याच्या लेखी तो रोजचाच लोड. आणि पत्रा जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर तसाच उभा. माणसाला साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात, १० च्या आसपास स्नायू आखडून हात सुटत नाही, आणि ३० च्या पुढे हृदयाला धोका सुरू होतो. मांडवाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, हवीच म्हणतात ती यासाठी.

त्या दिवसापासून मुलं दरवर्षी विचारतात, "काका, तपासायला कुठला मीटर घ्यायचा?" पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलात तर खिशातल्या टेस्टरपासून मोठ्या पेटीपर्यंत सगळं मिळेल. पण आधी आपल्याला त्या मीटरला काय विचारायचंय हे ठरलं पाहिजे.

टेस्टर बाजूला ठेवा. "टेस्टर लागतोय" हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो, पण त्यातला निऑनचा दिवा मिलिअँपिअरच्या अगदी लहान हिश्श्यावर पेटतो. अर्थिंग नसलेल्या संगणकाच्या पत्र्यावरही तो पेटतो, कारण त्याच्या पॉवर सप्लायमधले फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला साधारण अर्ध्या व्होल्टेजवर आणून ठेवतात. तिथे मुंग्या येतात. फेज खरोखर पत्र्याला लागलेली असली तरी दिवा तसाच पेटतो, आणि तिथे जीव जातो. टेस्टरला हा फरक कळत नाही.

सगळ्यात आधी डोळे. बरेचसे दोष प्लग उघडून बघितल्यावरच सापडतात: काळवंडलेली पिन, तडा गेलेला टॉप, टेप गुंडाळलेला जोड, वायर आत शिरते तिथे सोललेलं आवरण. त्याच वेळी उपकरणाची जात ओळखावी. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि अर्थिंगची गरज नाही. ती खूण नाही आणि बाहेर उघडा धातू आहे, तर अर्थिंग हवंच. अशा वस्तूला कुणी दोन पिनांचा टॉप लावलेला दिसला की मी पुढची चाचणीच करत नाही.

मग अर्थिंगचा रोध. ब्रिटनमध्ये १९८९ च्या नियमांनी कामाच्या जागची विजेची उपकरणं सुरक्षित राखायची जबाबदारी मालकावर टाकली आणि 'पॅट' (पोर्टेबल अप्लायन्स टेस्टिंग) नावाची तपासणी तिथे रुळली. तिथला संकेत असा: ०.१ ओहम, अधिक वायरचा स्वतःचा रोध. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरमागे ०.०२६ ओहम धरली, तर ५ मीटरच्या वायरला ०.१३, म्हणजे एकूण मर्यादा ०.२३. साध्या मल्टिमीटरच्या टोकांच्या वायरींचाच, म्हणजे प्रोबचाच, रोध एवढा भरतो, मग त्याच्या आकड्यावर भरवसा काय ठेवायचा? इथे किमान २०० मिलिअँपिअर सोडणारा, ओहमचा शंभरावा भाग दाखवणारा आणि प्रोबचा रोध वजा करता येणारा मीटर हवा. काही यंत्रं २५ अँपिअर सोडतात. फोकस, इस्त्री, ड्रिल अशा दणकट वस्तूंना ते चांगलं, कारण तुटत आलेली अर्थिंगची वायर त्यात तापते आणि आकडा हलतो. नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला मात्र २०० मिलिअँपिअरच बरे. दोन्हींत एक सवय ठेवा: आकडा बघताना वायर प्लगपाशी आणि शिरण्याच्या जागी हळूहळू वाकवत राहा. आकडा नाचला तर वायर बदला.

पुढचं इन्सुलेशन. याच्या मीटरला आपल्याकडे सर्रास 'मेगर' म्हणतात. ते मुळात एका ब्रिटिश कंपनीने १९०३ मध्ये नोंदवलेलं नाव. मल्टिमीटर बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टवर मोजतो. ओल धरलेलं इन्सुलेशन तेवढ्याला धडधाकट वाटतं आणि २३० ला गळतं, म्हणून ५०० व्होल्ट डीसी लावून बघायचं. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून ते आणि अर्थ यांच्यामध्ये मोजायचं. फेज-न्यूट्रलमध्ये ५०० व्होल्ट लावले तर एलईडीचा ड्रायव्हर जागीच मरेल. उपकरणाचं बटण चालू ठेवायला विसरू नका, नाहीतर नुसती वायर मोजून मोकळे व्हाल. अर्थिंगवाल्या वस्तूला किमान १ मेगाओहम, दुहेरी इन्सुलेशनवाल्याला २. स्पाइक गार्डच्या बोर्डात व्होल्टेजची उसळी शोषणारा भाग असतो आणि तो ५०० व्होल्टला स्वतःच वाहू लागतो, चांगला बोर्डही नापास होतो. म्हणून २५० व्होल्टची सोय असलेलाच मेगर घ्या. दुकानात आणखी एक विचारा: १ मिलिअँपिअर करंट देताना हा ५०० व्होल्ट टिकवतो का? स्वस्तातले काही तिथेच ढेपाळतात.

चहाच्या टाकीचं उदाहरण सांगतो. गेल्या वर्षी तिचं अर्थिंग उत्तम होतं, इन्सुलेशन मात्र ०.४ मेगाओहम. कॉइलच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. नळीचं तोंड नीट बंद नसेल तर ती पूड हवेतली ओल ओढून घेते. आरसीसीबीमागे, कुणाला हात लावू न देता, पाणी भरून टाकी अर्धा तास चालवली. निवल्यावर मोजलं तर ३० मेगाओहम. कॉइलला तडा असता तर आकडा असा सावरला नसता.

राहिला गळतीचा करंट. बटणाऐवजी रिले किंवा इलेक्ट्रॉनिक स्विच असेल, तर मेगरचे ५०० व्होल्ट आतपर्यंत पोचतच नाहीत. तिथे उपकरण चालू ठेवून किती मिलिअँपिअर अर्थिंगकडे जातात ते बघायचं. घरगुती उपकरणांच्या आयएस ३०२ या मानकात अर्थिंगवाल्या, उचलून नेण्याच्या वस्तूंना ०.७५ मिलिअँपिअरची मर्यादा आहे. ही चाचणी एकत्रित पॅट यंत्रात असते. पण त्यातली पुष्कळशी यंत्रं ब्रिटिश चौकोनी पिनांची किंवा जर्मन गोल खाचेची असतात. आपल्या ६ आणि १६ अँपिअरच्या पिनांसाठी अडॅप्टर लागतो, आणि त्याचा रोध वजा केला नाही तर चांगली वस्तू नापास ठरते.

मंडळाला मी पॅट यंत्र घ्यायला सांगितलं नाही. चाळीस-पन्नास वस्तू, त्याही वर्षातून एकदा. त्यांना ५०० आणि २५० व्होल्टचा, २०० मिलिअँपिअरने अर्थिंग मोजणारा हातातला मेगर पुरतो. तो काही हजारांत येतो, आणि बोर्डावर आरसीसीबी आहेच. रोज शेकडो वस्तू भाड्याने देणाऱ्या मांडववाल्याला किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेला मात्र पूर्ण यंत्रच हवं, सोबत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरची अचूकता तपासल्याचं, प्रमाणपत्र. मुलांना मी एक डबीही करून दिली: एका बाजूला १ ओहमचा रेझिस्टर, दुसऱ्या बाजूला १ मेगाओहमचे दोन एकापुढे एक. काम सुरू करण्याआधी मीटर या डबीवर लावायचा. १ आणि २ हे आकडे आले नाहीत तर त्या दिवशी तपासणी नाही.

यंदा दोन रिळा नापास झाल्या. त्या नुसत्या कोपऱ्यात ठेवल्या तर विसर्जनाच्या रात्री वायर कमी पडल्यावर कुणीतरी उचलणारच, म्हणून दोन्हींचे टॉप कापून घेतले आणि मग पेटी बंद केली.