द सिम्पसन्स : पहिले पर्व (१९८९–९०)

अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवरच्या ‘द सिम्पसन्स’ या दीर्घकाळ चालू असलेल्या कौटुंबिक विनोदी अ‍ॅनिमेशन मालिकेचे पहिले पर्व. भाग १३, प्रसारण १७ डिसेंबर १९८९ ते १३ मे १९९०. मालिकेची उभारणी मॅट ग्रेनिंग, जेम्स एल. ब्रुक्स आणि सॅम सायमन या तिघांची. अ‍ॅनिमेशनची मुख्य जबाबदारी लॉस एंजेलिसच्या क्लास्की-चुपो स्टुडिओकडे होती, तर पुढचे हातकाम दक्षिण कोरियात सोल येथील अ‍ॅकॉम स्टुडिओत होई. मालिका सिम्पसन कुटुंबाची : होमर आणि मार्ज हे नवरा-बायको, आणि खोडकर बार्ट, लिसा व तान्ही मॅगी ही त्यांची मुले. नंतरच्या पर्वांची सवय झालेल्या प्रेक्षकाला हे पर्व ओबडधोबड वाटते. चेहरे भागागणिक बदलतात, आवाज परके वाटतात, एखादे पात्र मध्येच वेगळ्या रंगात दिसते. यांतल्या बऱ्याच विसंगतींचे मूळ एकच आहे : भाग ज्या क्रमाने तयार झाले त्या क्रमाने ते दाखवले गेले नाहीत.

पूर्वपीठिका : हे कुटुंब प्रथम दिसले ते ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमात. १९ एप्रिल १९८७ ते १४ मे १९८९ या काळात त्यात सुमारे मिनिटभराच्या ४८ चित्रफिती दाखवल्या गेल्या. कुटुंबाची कल्पना ग्रेनिंग यांना ब्रुक्स यांच्या कार्यालयाबाहेर वाट पाहत असताना, काही मिनिटांत सुचली, ही हकीगत सर्वत्र सांगितली जाते. काळ बहुधा १९८६. ब्रुक्स यांना ग्रेनिंग यांची ‘लाइफ इन हेल’ ही व्यंगचित्रमालिका हवी होती. तिचे हक्क हातचे जातील हे लक्षात आल्यावर ग्रेनिंग यांनी ऐनवेळी नवे कुटुंब काढले आणि बार्ट वगळता सर्वांना स्वतःच्या घरातली नावे दिली. नावे आणि नाती अशी झटकन ठरली असतील. पण जे आज डोळ्यांसमोर येते ते रूप एका बैठकीत घडलेले नाही. ग्रेनिंग यांनी दिलेली चित्रे कच्ची होती. स्टुडिओ ती सफाईने पुन्हा काढेल अशी त्यांची अपेक्षा होती. अ‍ॅनिमेटरांनी ती जशीच्या तशी गिरवली. डेव्हिड सिल्व्हरमन, वेस आर्चर आणि बिल कॉप यांनी पुढची दोन वर्षे चित्रफिती करता करता या पात्रांना उभे राहायला, वळायला आणि बोलायला शिकवले. या श्रमांचे माप ‘काही मिनिटांच्या’ हकीगतीत येत नाही, म्हणून ती हकीगत उगमाची नव्हे, आरंभाची मानणे अधिक योग्य.

पिवळ्या रंगाचा प्रश्न : पात्रांची कातडी पिवळी कोणी आणि का केली, याच मुद्द्यावर सर्वाधिक मतभेद आहेत. एका मतानुसार रंगनिवड क्लास्की-चुपोमधील रंगयोजनाकार ग्यॉर्गी पेलूस यांची; मार्जच्या केसांचा निळा रंगही त्यांचाच. ग्रेनिंग यांच्या सांगण्यात भर वेगळ्या गोष्टीवर असतो : वाहिन्या बदलत जाणाऱ्या प्रेक्षकाला पिवळा रंग दिसताच आपण कोणती मालिका पाहत आहोत ते कळावे. ही दोन्ही विधाने परस्परविरोधी आहेतच असे नाही. पहिले निवड कोणी केली ते सांगते, दुसरे ती निवड का टिकली ते. मात्र तांत्रिक पुरावा पेलूस यांच्या बाजूला झुकतो. बार्ट, लिसा आणि मॅगी यांच्या कपाळाला केसांची सीमारेषाच नाही. बार्टच्या डोक्यावरचे नऊ त्रिकोणी टोकांचे कुंपण सरळ कवटीतून वर येते. कातडी गुलाबी आणि केस पिवळे ठेवायचे, तर प्रत्येक चित्रात त्या दोहोंमध्ये नवी रेषा काढावी लागली असती. कातडी आणि केस एकाच पिवळ्यात रंगवले की प्रश्न मिटतो. असे उत्तर रंगाच्या टेबलावर बसणाऱ्यालाच सुचते.

निर्मितीपद्धती : फॉक्सने १३ भागांची मागणी नोंदवली तेव्हा वाहिनी जेमतेम तीन वर्षांची होती. संध्याकाळच्या मुख्य वेळेत अ‍ॅनिमेशन मालिका दीर्घकाळ टिकल्याचे ठळक उदाहरण एबीसीवरील ‘द फ्लिंटस्टोन्स’चे (१९६०–६६), म्हणजे पाव शतकापूर्वीचे. ब्रुक्स यांनी करारात एक कलम घालून घेतले : आशयात वाहिनीने ढवळाढवळ करायची नाही. या पर्वाचा मोकळेपणा बऱ्याच अंशी त्या कलमामुळे आहे.

काम असे चाले. लेखकांच्या खोलीत संहिता पक्की झाली की सर्व कलाकार टेबलाभोवती बसून तिचे वाचन करीत. जिथे हसू येत नाही तिथे दुरुस्ती होई आणि मग आवाज ध्वनिमुद्रित होत. आवाज आधी आणि चित्र नंतर, हा क्रम उलटवता येत नाही, कारण ओठांचे आकार आवाजावरून ठरतात. ध्वनिफीत ऐकून प्रत्येक उच्चार एक्सपोझर शीटवर उतरवला जाई. या उभ्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक फ्रेम, आणि सेकंदाला २४ ओळी. बावीस मिनिटांच्या भागाच्या ३१,६८० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवले तरी हिशेब १५,८४० चित्रांवर जातो. प्रत्यक्षात पात्र स्थिर उभे असेल तर फक्त तोंड बदलले जाते, त्यामुळे आकडा बराच खाली येतो.

कथाफलक, पात्रांच्या मुख्य ढबी आणि पार्श्वचित्रांचे आराखडे लॉस एंजेलिसमध्ये तयार होत. ढबी इथेच काढण्याचा हा आग्रह खर्चाचा होता, पण अभिनय त्यातच असे. भुवईचा कोन किंवा खांद्याचा उतार परदेशी स्टुडिओवर सोडला तर विनोद हुकतो. मधली चित्रे, रेषा सेलवर उतरवणे, रंगकाम आणि कॅमेऱ्याखालचे चित्रण सोलला होई. सेल म्हणजे पारदर्शक पत्रा. रेषा पुढच्या बाजूला आणि रंग मागच्या बाजूला भरतात, म्हणजे ब्रश थोडा घसरला तरी पुढून रेषा स्वच्छ दिसते. धड एका सेलवर आणि तोंड त्यावरच्या दुसऱ्या सेलवर ठेवले की धड पुन्हा काढावे लागत नाही. पण पत्र्यावर पत्रा चढला की खालचा रंग किंचित मळकट दिसतो. म्हणून तोंडाचा सेल काढून घेतलेल्या फ्रेममध्येही तितकेच कोरे पत्रे ठेवावे लागतात. ते विसरले की रंग लुकलुकतो. भाग पूर्ण रंगात परत येईपर्यंत बरेच महिने गेलेले असत. तेव्हा चूक सापडली तर ती सुधारायला वेळ नसे आणि पैसाही नसे.

बिघडलेला पहिला भाग : निर्मिती क्रमांक ७जी०१ असलेला ‘सम एन्चांटेड ईव्हनिंग’ कोरियाहून प्रथम परत आला. तो पाहून निर्माते हादरले. बिघाड विनोदात नव्हता, पदार्थांच्या वागण्यात होता. दार आपटले की ते रबरासारखे वाकत होते आणि भोवतीचे घरही त्याबरोबर हलत होते. चित्रफितींच्या मिनिटभराच्या धांदलीत असे चालून गेले असते. ब्रुक्स यांना हवे होते ते खऱ्या वजनाचे घर, ज्यात माणसांचे दुःख खोटे वाटणार नाही. भिंत लवचिक असेल तर तिच्यावर डोके टेकून रडणाऱ्या बाईवर विश्वास बसत नाही. मालिका इथेच थांबण्याची भीती होती. पाठोपाठ सिल्व्हरमन यांनी दिग्दर्शित केलेला ‘बार्ट द जीनियस’ (७जी०२) आला. त्यात दोष थोडे आणि सुधारण्याजोगे होते, त्यामुळे काम पुढे चालू राहिले.

पहिल्या भागाचे सुमारे ७० टक्के अ‍ॅनिमेशन नव्याने करावे लागले. मूळ दिग्दर्शक केंट बटरवर्थ. दुरुस्ती सिल्व्हरमन यांची. १९८९ च्या शरद ऋतूत ठरलेला आरंभ त्यामुळे डिसेंबरवर गेला. आठव्या क्रमांकाचा (७जी०८) नाताळचा भाग, ‘सिम्पसन्स रोस्टिंग ऑन अ‍ॅन ओपन फायर’, हातात होता आणि सणही तोंडावर होता, म्हणून १७ डिसेंबरला तो पहिला म्हणून दाखवला गेला. नियमित प्रसारण १४ जानेवारी १९९० पासून ‘बार्ट द जीनियस’ने सुरू झाले. ज्या भागाने सर्वांत आधी आकार घेतला तो १३ मे रोजी सर्वांत शेवटी दिसला. त्यातील पाहुण्या कलाकार पेनी मार्शल यांचा मान म्हणूनच निर्मितीच्या क्रमाने पहिला ठरतो.

शीर्षकदृश्य : नाताळच्या भागाला पूर्ण शीर्षकदृश्य नाही, ते ‘बार्ट द जीनियस’पासून दिसते. संगीत डॅनी एल्फमन यांचे. भागांतर्गत संगीत या पर्वात रिचर्ड गिब्ज यांनी दिले. दृश्य मुद्दाम लांब ठेवले होते : ते जितके लांब, तितके त्या आठवड्याचे नवे अ‍ॅनिमेशन कमी. तेच ते पाहावे लागते याची भरपाई म्हणून बार्ट शाळेत शिक्षा म्हणून फळ्यावर लिहितो ते वाक्य आणि शेवटी कुटुंब सोफ्यावर जमते तो प्रसंग दर वेळी बदलायचे ठरले. फळ्यावरचे पहिले वाक्य खडू वाया न घालवण्याविषयी आहे. पहिल्या सोफाप्रसंगात सगळे इतके दाटून बसतात की बार्ट चिमटीतल्या बीसारखा वर उडतो. दुकानातील गल्ल्यावर मॅगी स्कॅन होते तेव्हा ८४७.६३ हा आकडा उमटतो. तान्ह्या मुलाचा त्या काळचा महिन्याचा खर्च डॉलरमध्ये, असा त्याचा अर्थ दिला जातो. या पर्वातले दृश्य पुढच्या पर्वात बदलले. इथे बार्ट बसथांब्याची पाटी उचलून नेतो आणि उतारू बसमागे धावतात, तर लिसा सायकलवरून घरी येते.

आवाज : डॅन कॅस्टेलनेटा (होमर) आणि ज्युली कॅव्हनर (मार्ज) उलमन यांच्या कार्यक्रमातच काम करीत होते. नॅन्सी कार्टराइट लिसासाठी चाचणी द्यायला आल्या आणि बार्ट झाल्या. बार्टसाठी बोलावलेल्या यर्डली स्मिथ लिसा झाल्या. या पर्वातला होमर वॉल्टर मॅथाऊ या नटाच्या धर्तीवर, खालच्या पट्टीत आणि नाकातून बोलतो. या आवाजात संतापाचा जोर येत नव्हता आणि दिवसभराच्या ध्वनिमुद्रणात तो टिकवणे जड जाई. म्हणून दुसऱ्या पर्वापासून तो मोकळा झाला. संहितेत होमरच्या ‘डो!’ या प्रसिद्ध हुंकारासाठी शब्द नसतो, फक्त ‘वैतागलेला हुंकार’ अशी सूचना असते. गुत्तेवाला मो आणि होमरचा मालक बर्न्स ही पात्रे आरंभी क्रिस्टोफर कॉलिन्स यांच्याकडे होती. पुढे मो हँक अझारियांकडे आणि बर्न्स हॅरी शिअरर यांच्याकडे गेला.

रंग व रूपातील चुका : ‘होमर्स ऑडिसी’त (७जी०३) बर्न्सचा सहायक स्मिदर्स गडद कातडीचा आणि निळ्या केसांचा दिसतो. ही रंगकामातली चूक; पात्र आधीपासून पिवळेच योजले होते, असे सिल्व्हरमन यांनी सांगितले आहे आणि ते मान्य करण्यास अडचण नाही. नाताळच्या भागात होमरचा मित्र बार्नी याचे केस कातडीच्याच पिवळ्यात आहेत. ‘द टेलटेल हेड’मध्ये (७जी०७) विदूषक क्रस्टीचा साथीदार साइडशो बॉब याचे केस गोलाकार आहेत, तर ब्रॅड बर्ड दिग्दर्शित ‘क्रस्टी गेट्स बस्टेड’मध्ये (७जी१२) ते माडाच्या झावळ्यांसारखे पसरतात. याच भागापासून त्याला केल्सी ग्रॅमर यांचा आवाज मिळाला.

निवडक भाग : लेखकांची फळी सायमन यांनी उभी केली. तिच्यात जॉन श्वार्ट्सवेल्डर, जॉन व्हिटी, अल जीन, माइक राइस, जॉर्ज मायर हे होते. पर्वाचा कस ‘मोनिंग लिसा’त (७जी०६, ११ फेब्रुवारी १९९०) दिसतो. चित्रफितींतली लिसा म्हणजे फ्रॉक घातलेला बार्टच होती. या भागात ती कारण न सांगता येण्याजोगे दुःख घेऊन शाळेत बसते आणि पुलावर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या वृद्ध वादकाजवळ जाते. आठ वर्षांच्या मुलीच्या उदासीनतेला इथे आजार किंवा हट्ट ठरवले जात नाही. पुढे लिसा जी झाली तिचा पाया हाच. ‘लाइफ ऑन द फास्ट लेन’मध्ये (७जी११, १८ मार्च) वाढदिवसाला नवऱ्याकडून बोलिंगचा चेंडू भेट मिळालेली मार्ज बोलिंग शिकवणाऱ्या जाकच्या ओढीत सापडते. हे पात्र आधी स्वीडिश टेनिस-प्रशिक्षक होते. जाकला आवाज देणाऱ्या अल्बर्ट ब्रुक्स यांनी बरीचशी वाक्ये ध्वनिमुद्रणाच्या वेळीच रचली. तासाभराहून कमी लांबीच्या अ‍ॅनिमेशन कार्यक्रमासाठीचा १९९० चा एमी पुरस्कार या भागाला मिळाला. ‘द क्रेप्स ऑफ रॅथ’मधली (७जी१३) भेसळयुक्त वाइन १९८५ च्या ऑस्ट्रियातील प्रत्यक्ष प्रकरणावरून घेतली आहे.

अपू : क्विक-ई-मार्टचा भारतीय दुकानदार प्रथम ‘द टेलटेल हेड’मध्ये (२५ फेब्रुवारी १९९०) येतो, नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीवरून. त्याच्या उगमाच्या दोन हकीगती आहेत. राइस यांच्या म्हणण्यानुसार दुकानदार भारतीय नसावा असे संहितेत लिहिले होते, पण वाचनाच्या वेळी अझारियांनी भारतीय लहेजा लावला आणि सगळे हसले. अझारियांनी मात्र तसा उच्चार करून दाखवण्याची मागणी लेखकांकडूनच आल्याचे सांगितले आहे. दोन्हींत समान धागा असा की पात्र माणसापासून नव्हे, उच्चारापासून सुरू झाले. विनोदकार हरी कोंडाबोलू यांच्या २०१७ मधील माहितीपटाने नेमके याच जागी बोट ठेवले. २०२० मध्ये अझारियांनी ही भूमिका सोडत असल्याचे सांगितले. भारतीय वंशाच्या मुलांना अमेरिकी शाळांत या लहेजावरून चिडवले गेले, ही त्या माहितीपटातील तक्रार रास्त आहे.

स्वागत : १९९० मध्ये बार्टचे चित्र असलेल्या टी-शर्टांवर काही अमेरिकी शाळांनी बंदी घातली.

उपलब्धता : पर्वाचा डीव्हीडी संच अमेरिकेत २५ सप्टेंबर २००१ रोजी निघाला. त्यात ‘सम एन्चांटेड ईव्हनिंग’च्या नाकारलेल्या अ‍ॅनिमेशनचे तुकडे आहेत, तयार भागाशेजारी ते पाहिले की वाकणारी दारे नेमकी कोणती हे कळते. पात्रांची घडण समजून घ्यायची असेल तर भाग प्रसारणाच्या तारखेने न पाहता ७जी०१ ते ७जी१३ या क्रमाने पाहावेत. मात्र ७जी०१ मध्ये नंतर केलेली दुरुस्ती मिसळलेली असल्याने त्यात जुने आणि नवे रूप एकाआड एक दिसते.