आर्ट्सवाल्यांना नर्सिंग बंद? अजिबात नाही

"बारावी सायन्स नसेल तर नर्स होता येत नाही," हे आमच्या कर्नाटकातल्या खानापूर, निपाणीकडच्या गावांत इतक्या ठामपणे सांगितलं जातं की मुली चौकशीलाही जात नाहीत. परवा एक आई लेकीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आली. बारावी आर्ट्स, इंग्रजीत 52. "सर, हिचं आता काय होणार?" मी म्हटलं, जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा, फॉर्म भरा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) नियमानुसार जनरल नर्सिंगच्या या 3 वर्षांच्या डिप्लोमाला बारावी कोणत्याही शाखेची चालते. एकूण 40 टक्के हवेत, इंग्रजीतही 40 टक्के हवेत, वय 17 पूर्ण हवं. सायन्सला प्राधान्य आहे, सक्ती नाही. ही अफवा आली बी.एस्सी. नर्सिंगवरून. त्या पदवीला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतातच. दोन्हींची गल्लत झाली आणि कितीतरी हुशार पोरी घरी बसल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी भीती वेगळ्या लायसन्स परीक्षेची. तशी परीक्षा आपल्याकडे नाही. डिप्लोमाची अंतिम परीक्षा पास झाल्यावर बेंगळुरूच्या कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचं. पुढे कोल्हापूर किंवा पुण्यात नोकरी लागली तर महाराष्ट्राच्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. कागदपत्रांची धावपळ होते, पण परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही.

प्रवेशाआधी एकच करा: ते कॉलेज कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेच्या मान्य यादीत आहे का, हे स्वतः बघा.